उघडी पौळ

शेषेरावांनी डोंगरावरची दगडी पौळ उघडली तेव्हा निम्मा भादवा सरला होता, आणि भादव्यात पौळ कोणी उघडत नाही. पिकं कमरेला लागलेली असतात, डोंगरावर गुरं मोकळी असतात. अशा दिवसांत पौळीचा एक धोंडासुद्धा हलवायचा नाही, हे खरबवाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शेषेरावांचं तर अख्खं आयुष्य पौळीवर गेलेलं. पण त्या दिवशी ते सकाळी उठले, पटका गुंडाळला, डोंगर चढले, आणि दिवस माथ्यावर यायच्या आत त्यांनी बैलगाडी निघेल एवढं खिंडार पाडलं. काढलेले दगड नीट लावून ठेवले, मोठे एकीकडे, बारके एकीकडे. मग तंबाखू मळत सावलीला बसले. खिंडारातून पलीकडच्या शेळ्या अलीकडे आल्या आणि भागवतच्या सोयाबीनमध्ये शिरल्या.

भागवत हा त्यांचा पुतण्या. तो तडक घरी आला. शेषेरावांच्या पत्नी केवळाबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या.

“काकू, काका कुठं हायत?”

“रानात गेलेत. का रे?”

“रानात न्हाई, पौळीवर हायत. पौळ उकलून बसलेत मस्त. आन् माझ्या सोयाबीनात शेळ्यायचं लगीन लागलंय!”

“भादव्यात पौळ?” केवळाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“मी इचारलं, काका, हे काय करून राहिलात? तर मलाच म्हणले, तू कोणाचा रे? मी म्हणलं, तुमच्या भावाचा. तर म्हणले, मग जा, आप्पाला बोलीव. कवाधरनं वाट बघून राहिलो.”

आप्पा, म्हणजे पलीकडच्या कल्लेवाडीचे गुरुपादप्पा, जाऊन तिसरं वर्ष चालू होतं.

बालाघाटाच्या डोंगराची एक सोंड लोहा तालुक्यातून निघून लातूरच्या अंगाला उतरते. त्या सोंडेवरून, टेकाडं चढत आणि ओघळी उतरत, ही पौळ गेलेली आहे. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. कंधारच्या किल्ल्यावर राज्य करणाऱ्या कोणा राजाने ती घातली असं काही लोक सांगतात. काही म्हणतात, निजामाच्याही आधी मोठा दुष्काळ पडला, तेव्हा पोटाला भाकर म्हणून लोकांनी ती रचली. खरं कोणालाच माहीत नाही. केवळाबाई नवरी होऊन आल्या तेव्हा त्यांनी ती लांबून पाहिली, आणि माहेरी, लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारात दोर वळणारा माणूस वळलेला दोर उन्हात टाकतो, तसं काहीतरी डोंगरावर टाकलंय, असं त्यांना वाटलं.

पौळीला दोन तोंडं असतात. अलीकडचं तोंड खरबवाडीचं, पलीकडचं कल्लेवाडीचं. मधे बारक्या दगडांची भर. आणि दर हातभर उंचीवर एक लांब दगड आडवा टाकतात, तो या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार जातो. त्याला तिकडं ‘सोयरा’ म्हणतात, कारण तो दोन्ही घरांना धरून ठेवतो. सोयरा एकट्याने बसत नाही. एकाने इकडून तो रेटायचा आणि पेलून धरायचा. दुसऱ्याने पलीकडून त्याच्याखाली दगडाच्या चिपा ठोकून तो पक्का करायचा. मधे भिंत, एकमेकांचे हात दिसत नाहीत. म्हणून काम झालं की पलीकडचा ओरडतो, “बसला!” तो शब्द कानावर आल्याशिवाय अलीकडच्याने हात काढायचा नाही.

त्यामुळे पौळीवर जोड्या ठरलेल्या. प्रत्येक घराच्या वाट्याला पौळीचा एक तुकडा, आणि त्याच तुकड्याच्या पाठीला पलीकडचं एक घर. बापानंतर लेक. शेषेरावांची जोडी गुरुपादप्पांशी. एक मराठ्याचं घर, एक लिंगायताचं. लग्नाची सोयरीक दोन घरांत होणं शक्य नव्हतं, तरी गुरुपादप्पा म्हणायचे, “आपले सोयरे किती, ते पौळीत मोजून बघा की!”

दरसाल होळीनंतर, रानं मोकळी झाली की फुगलेला भाग उकलायचा आणि नव्याने लावायचा. सकाळी उकललेलं दिवस बुडायच्या आत लागलं पाहिजे. उघडी पौळ टाकून घरी जायचं नाही, हा रिवाज. दयानंदच्या वेळी केवळाबाईंना कळा सुरू झाल्या तो दिवस नेमका पौळीचा. सांगावा गेला तेव्हा खिंडार तसंच होतं. शेषेराव घुटमळले. पलीकडून गुरुपादप्पांचा आवाज आला, “जावा तुमी! मी बसतो हितं. पोरगं झालं तर म्हणावं, काकानं राखण केली.” ते रात्रभर तिथेच बसून राहिले. सकाळी शेषेराव पेढ्याऐवजी गुळाचा खडा घेऊन वर गेले, आणि दोघांनी मिळून खिंडार बुजवलं.

केवळाबाई मुरुडच्या. बाजारपेठेचं गाव, दारावरून दिवसभर माणसांची वर्दळ, बाजाराचा मंगळवार कधी येतो न् कधी जातो कळायचं नाही. तिथून त्या या डोंगराच्या कुशीत आल्या आणि पहिलं वर्षभर त्यांना करमेना. नवरा मुलखाचा अबोल. सासू भली, पण बहिरी. बोलायला माणूस मिळालं ते पौळीच्या पलीकडे. भाकरी घेऊन त्या वर जायच्या, तेव्हा पलीकडे गुरुपादप्पांची बायको नीलम्मा भाकरी घेऊन आलेली असायची. ती उदगीरच्याही पुढची, सीमेवरची. कानडी जास्त, मराठी तोडकीमोडकी. दोघी पौळीला पाठ लावून दोन्हीकडून बसत आणि दगडांच्या फटींतून बोलत. कितीतरी महिने त्यांनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. एकदा जत्रेत एका बाईने “ए, सरक की बाजूला,” म्हटलं आणि केवळाबाई ओरडल्या, “अगं, नीलम्मा!” आवाजावरून ओळखलं. नीलम्मा म्हणाली, “अय्यो, केवळाक्का! मला वाटलं तू गोरी असशील!”

पौळीवरून मग ज्वारीची कडक भाकरी इकडे यायची आणि जवसाची चटणी तिकडे जायची. पोरांची दुखणी, सासवांची गाऱ्हाणी, सगळं त्या फटींतून गेलं. शेषेराव दगड लावायचे आणि गुरुपादप्पा दगड लावताना बोलायचे. “शेषेराव, तुमची बाजू गाभण हाय व्हय? पोट बघा केवढं पुढं आलंय!” शेषेराव हसायचे, उत्तर द्यायचे नाहीत. पण संध्याकाळी घरी आल्यावर, आप्पा आज असं म्हणाला, तसं म्हणाला, हे मात्र केवळाबाईंना सांगायचे. दिवसभरातलं त्यांचं बोलणं तेवढंच.

गुरुपादप्पा गेले तेव्हा त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांना त्यांच्याच रानात, मांडी घालून बसवून माती दिली. शेषेराव पलीकडे जाऊन आले, अंघोळ केली आणि एवढंच म्हणाले, “बसवला आप्पाला.” नंतरच्या होळीला त्यांनी पौळ उघडली नाही. त्याच्या पुढच्या होळीलाही नाही. गुरुपादप्पांचा मुलगा संगमेश उदगीरला दुकान चालवतो. त्याला दगड कुठून माहीत असणार? मग हळूहळू शेषेराव विसरायला लागले. आधी चपला. मग बैलांची नावं. मग भागवत. केवळाबाई म्हणत राहिल्या, जोडीदार गेल्याचं दुःख आहे, निवळेल.

निवळलं नाही. दयानंद नांदेडला विष्णुपुरीत नोकरीला आहे. तो येऊन दोघांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला, गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, हे आता उतरतच जाणार, वर येणार नाही. त्या मुक्कामात केवळाबाईंनी जे पाहिलं ते त्यांच्या मनातून जाईना. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात शेषेरावांना काहीच सापडेना. ते भिंतीला हात लावत फिरायचे. सुनेला, आरतीला, “बाई, लोह्याची गाडी हितंच लागती का?” म्हणून विचारायचे. एकदा न्हाणीघरात शिरले आणि दार कुठून उघडतं ते न कळून आतल्या आत लहान मुलासारखे रडले. पण परत येताना लोह्याच्या स्टँडवर उतरले, आणि कोणाचा हात न धरता सरळ खरबवाडीच्या जीपपाशी जाऊन उभे राहिले.

केवळाबाईंनी त्या दिवशी ओळखलं. ह्यांना गोळ्यांनी नाही, गावाने धरून ठेवलंय. गाव सुटलं की हे सुटले. आता त्यांची एकच इच्छा उरली होती: जे काय व्हायचं ते इथे होऊ दे, ह्यांना इथून हलवायला नको.

आणि नेमकी भादव्यात पौळ उघडली. भागवतने फोन केला असणारच. रात्री दयानंदचा फोन आला.

“माय, हे असं किती दिवस चालायचं? उद्या दगड अंगावर आला तर?”

“न्हाई येत. त्यांचा हात बसलेला हाय.”

“हात बसलेला हाय, डोकं न्हाई ना जागेवर. मी येळवशीच्या सणाला येतोय, तेव्हा बघू. तोवर पुन्हा काही झालं न्हाई तर राहा. पण झालं, तर मी दोघांला घेऊन जाणार. मग न्हाई म्हणायचं न्हाई.”

“न्हाई म्हणत,” केवळाबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? मुलगा वाईट नव्हता, सून वाईट नव्हती. वाईट असते तर भांडता तरी आलं असतं.

त्यांनी आधी बाहेरच्या दाराला कडी घातली. शेषेरावांनी दार वाजवलं नाही, आदळआपट केली नाही. पाहुण्यासारखे दारापाशी बसून राहिले, कोणीतरी येऊन उघडेल म्हणून. संध्याकाळी केवळाबाईंनाच ते पाहवेना. त्यांनी कडी काढली. मग भागवत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दगड भरून घेऊन आला आणि अंगणात ओतून म्हणाला, “घ्या काका, घरबसल्या पौळ!” शेषेरावांनी ढिगाकडे पाहिलं. “अरारा, कोणाचं घर पडलं?” असं हळहळून विचारलं आणि ढिगाला वळसा घालून डोंगराकडे चालू लागले.

तेव्हा केवळाबाई त्यांच्याबरोबर जाऊ लागल्या. ते उकलत, त्या लावत. पलीकडून लावायला कोणीतरी हवं, म्हणून नीलम्मा. तिचा तिच्या रानात गुरांच्या कोठ्यापाशीच वावर असायचा. हाक मारली की गुडघे धरत वर यायची.

“केवळाक्का, ही कल्लं, ही दगडं मेली आपल्या आजेसासूपेक्षा म्हातारी, तरी केवढी जड!”

“तू बोल कमी आन् लाव.”

“आमचे मालक बोलत लावायचे.”

“त्यांची पौळ उभी ऱ्हायची. आपली बघ, पाठ फिरवली की आडवी.”

“मग आपली माणसं लावायची तशी गप बसून लावू का? तुझ्या मालकासारखं? जीव जाईल माझा!”

हसता हसता दोघींना दम लागे. शेषेराव मधे बसून पाहत. बाया काहीतरी भातुकली खेळताहेत, असं त्यांच्या तोंडावर दिसे. सोयरा मात्र दोघींच्याने उचलेना. तो लांब दगड गवतात तसाच पडून राहिला, आणि सोयऱ्यावाचून दोन्ही तोंडं आपापल्या बाजूला झुकू लागली. दोघींनी लावलेलं चार दिवस उभं राही, मग मधेच फुगे आणि एका रात्री बसकण मारी. भागवत येऊन बघून गेला. “काकू, ही पौळ न्हाई, उकिरडा हाय,” म्हणाला, पण खिंडाराला बाभळीच्या काट्या लावून गेला. दुसऱ्या दिवशी शेषेरावांनी एकेक काटी ओढून काढली. हात रक्ताळले. ते धुवून हळद लावताना केवळाबाईंनी विचारलं, “आवं, काहून उघडता हो सारखं?”

ते विचारात पडले. मग म्हणाले, “फुगलीय.”

खरंच फुगलेली होती. दोघींनी लावलेली पौळ फुगणारच. ती फुगणार, शेषेराव ती दुरुस्त करायला उकलणार, दोघी पुन्हा लावणार, ती पुन्हा फुगणार. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावायचं, असं नीलम्मा म्हणाली तेव्हा केवळाबाईंना हसू आलं नाही.

दिवाळी झाली. थंडी पडली, तुरी फुलल्या. दिवाळीनंतर शेषेराव जरा थंडावले. उन्हाला अंगणात बसू लागले. येळवस जवळ आली तरी पौळ शाबूत होती, म्हणजे काट्यांनी का होईना बुजलेली होती. केवळाबाईंना आशा वाटू लागली.

येळवशीला घरात कोणी राहत नाही. वेळा अमावस्येला गावं ओस पडतात आणि रानं भरतात. दयानंद सकाळीच मोटार घेऊन आला, बरोबर आरती आणि लेक साक्षी. रानात कडब्याची कोप घातली होती. चुन्याने पांढरे केलेले पाच पांडव मांडून पूजा झाली, पिकावर आंबील शिंपडली. शेंगा-पालेभाज्यांची दाट भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. शेषेराव नातीशेजारी बसून नीट जेवले, तिच्या ताटात उंडा वाढला. दयानंद आईला म्हणाला, “बाबा बरे दिसतात की गं.” त्या शब्दांनी केवळाबाईंचा जीव भांड्यात पडला. आता दयानंद उद्या आपल्याला न घेताच परत जाईल, अशी त्यांची खात्री झाली.

जेवणं जड झाली. माणसं जिथल्या तिथे आडवी झाली. दयानंद कोपीत झोपला. केवळाबाई भांडी आवरून वळल्या, तर शेषेरावांचं घोंगडं रिकामं.

कुठे गेले ते शोधायची गरज नव्हती. “नीलम्माला भज्जी देऊन येते गं,” असं आरतीला सांगून त्यांनी डबा उचलला आणि डोंगर चढायला लागल्या. पळता येईना, थांबवेना.

वर पोचल्या तर शेषेराव उभे होते. काट्या बाजूला, दगड बाजूला, खिंडार उघडं. पण या वेळी ते वाट बघत बसले नव्हते. त्यांनी लावायला घेतलं होतं, कमरेपर्यंत आणलंही होतं. आणि कोण जाणे कुठून बळ आणून, गवतातला सोयरा उचलून त्यांनी त्यावर आडवा रेटला होता. त्याचं पलीकडचं टोक भरीवर टेकलेलं होतं. अलीकडचं टोक त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी पेलून धरलं होतं. हात थरथरत होते. घामाने सदरा पाठीला चिकटला होता.

“बसला का, आप्पा?” ते विचारत होते.

“आवं, सोडा ते. चला खाली. दयानंद आलाय.”

“बसला म्हणू दे की त्याला.”

केवळाबाई दगडाला हात घालायला गेल्या. शेषेराव ओरडले, “सर तिकडं! पाय जाईल तुझा!” इतक्या वर्षांत त्यांनी इतक्या मोठ्याने त्यांना काही म्हटलं नव्हतं.

केवळाबाईंनी पलीकडे हाक मारली. नीलम्माच्या रानातही येळवस होती, संगमेश आलेला होता. तिची माणसंही झोपलेली. ती धापा टाकत आली, पलीकडे वाकली.

“अक्का, खाली पोकळ हाय. चिप ठरेना.”

“ठोक जोरानं.”

“ठोकतेच की. निसटून राहिली. अय्यो शिवा, माझ्या हातात जोर कुठला? संगमेशला उठवते.”

केवळाबाईंनी खाली पाहिलं. कोप, कोपीजवळ दयानंदची पांढरी मोटार, झाडाखाली साक्षी काहीतरी वेचत होती. संगमेशला उठवलं की दहा माणसं उठणार. दहा माणसं वर आली की दयानंद वर येणार.

“नको,” त्या म्हणाल्या. “माणसं गोळा होतील.”

“मग करू काय?”

“तू नुसतं म्हण.”

“काय म्हणू?”

“बसला म्हण. एवढं म्हणलं की ते सोडतील आन् मी त्यांला खाली नेते.”

पौळीत न बसलेला दगड बसला म्हणायचा नसतो, हे नीलम्माला सांगायला नको होतं.

“अक्का, खोटं?”

“तू बाजूला हो, दगड सरकला तर सरकंल तिकडं गवतात. म्हण गं बाई. हात बघ त्यांचे. म्हण.”

मग पलीकडून बारीक, फाटका आवाज आला. “बसला.”

शेषेरावांचा चेहरा एकदम मोकळा झाला. ते केवळाबाईंकडे वळून हसले. “आवाज बसलाय जणू आप्पाचा,” म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही हात काढून घेतले.

सोयरा तिकडे सरकला नाही. खालची पोकळी आरपार अलीकडेपर्यंत आलेली होती. टोक खाली गेलं, दगड त्यांच्याच अंगावर घसरला आणि डाव्या पायावर उभा पडला. शेषेराव खाली बसले. ते ओरडलेदेखील नाहीत. पायावरच्या दगडाकडे बघत राहिले, मग पौळीकडे, मग केवळाबाईंकडे.

“बसला म्हणला की,” ते म्हणाले.

त्यानंतर ओरडल्या त्या केवळाबाई. मग दहा काय, वीस माणसं आली. संगमेशने आणि दयानंदने मिळून दगड उचलला. त्याच मोटारीच्या मागच्या सीटवर शेषेरावांना आडवं घातलं, आणि रात्र पडायच्या आत ते नांदेडच्या दवाखान्यात होते. पायात धातूची पट्टी घातली, प्लास्टर केलं. पाऊल वाचलं, पण डोंगर चढणारं राहिलं नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात केवळाबाई दयानंदला म्हणाल्या, “मीच तिला म्हणायला लावलं.”

“काय म्हणायला लावलं?”

“बसला म्हणून.”

दयानंदने त्यांचा हात हातात घेतला. “माय, कोणी काय म्हणलं त्यानं दगड पडतो व्हय? तू कशाला मनाला लावून घेतीस? चहा आणू का?”

केवळाबाईंनी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला नाही. सांगायला आधी पौळ सांगावी लागली असती, मग सोयरा, मग आप्पा. चहा आला, तो त्या प्यायल्या. नीलम्माचा फोन आला तेव्हा ती नुसती रडत होती. “अक्का, मी म्हणाया नको होतं.” “मी म्हणायला लावलं,” केवळाबाई म्हणाल्या. “तरी मी म्हणाया नको होतं.” दोघींनी ते इतक्या वेळा म्हटलं, की शेवटी फोन कोणी ठेवला ते कळलं नाही.

विष्णुपुरीच्या घरात या वेळी शेषेरावांनी भिंती चाचपल्या नाहीत. लोह्याची गाडी विचारली नाही. आरतीने खिडकीजवळ त्यांची खाट टाकली, मऊ गादी घातली. ती त्यांना वेळेवर गोळ्या द्यायची, “मामा, आता हा हात वर करा,” म्हणत सदरा बदलायची. केवळाबाईंना ती काही करू द्यायची नाही. “आत्या, तुम्ही बसा,” म्हणायची. बसणं हे काम केवळाबाईंनी आयुष्यात केलं नव्हतं. त्या खाटेच्या कडेला बसायच्या आणि नवऱ्याच्या हातांकडे बघायच्या. हात चादरीवर पालथे पडलेले असायचे. त्या हातांनी उकलावं असं त्या घरात काही नव्हतं.

“बाबा किती शांत झालेत,” दयानंद म्हणायचा. त्याला बरं वाटायचं. केवळाबाईंना भादव्यातलं ते खिंडार आठवायचं, ती नीट लावलेली दगडांची रास, भागवतचं ओरडणं, आणि वाटायचं, तो सगळा त्रास पुन्हा सुरू व्हावा. पण हे कोणाजवळ बोलणार? बरा झालेला माणूस पुन्हा बिघडावा, असं म्हणणारी बायको कोणाला वेडी वाटणार नाही?

गुढीपाडव्याच्या आधी एका सकाळी दयानंद कामावर निघताना थांबला. चपला घालत, खाली बघतच म्हणाला, “माय, भागवतचा फोन होता. घर बंद हाय, वाळवी लागायला लागली म्हणला. त्याला राहायला देऊ का? तुमी आता काय तिकडं...”

केवळाबाई शेषेरावांना दूध-भाकरी भरवत होत्या. त्यांनी घास कुस्करला, तोंडात घातला, ओठाच्या कडेला ओघळलेलं दूध पदराने टिपलं.

“दे,” त्या म्हणाल्या. “किल्ली मांडणीच्या मागं खिळ्याला हाय. त्याला म्हणावं, देवाचं तेवढं बघ.”

“चांगलं केलं,” शेषेराव म्हणाले.

दयानंदने चमकून वर पाहिलं. बाबांना कळलं, असं त्याला वाटलं असावं. केवळाबाईंनी पुढचा घास कुस्करला. आजकाल शेषेराव कशालाही चांगलं केलं म्हणत.